अहिराणी कानावर पडली की हसू का येतं? साक्री ते केपटाऊन, भाषेच्या उतरंडीची गोष्ट

साक्रीच्या बसस्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत उभे राहिलात तर शेजारच्याचा फोन जरा कान देऊन ऐका. घरून फोन आला असेल तर 'काय चालू शे?' अशी सुरुवात होईल. तोच माणूस पाच मिनिटांनी पुण्यातल्या कंपनीच्या साहेबाशी बोलायला लागला की 'शे'चं 'आहे' होतं, 'मन्हा'चं 'माझा' होतं आणि आवाजही थोडा खाली येतो.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं आपण म्हणतो. पण मग तो बदलतो का? शाळेतल्या गुरुजींनी टोकलं होतं, हे एक कारण. दुसरं कारण असं की रेडिओवर बातम्या देणारा, टीव्हीवर मुलाखत घेणारा, जाहिरातीत साबण विकणारा माणूस असं बोलत नाही, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं आहे. त्याच्यासारखं बोलणारा माणूस टीव्हीवर आला तर बहुतेक वेळा विनोद करायला येतो.

आता हा विषय नीट समजायला आधी दक्षिण आफ्रिकेत एक चक्कर मारावी लागेल. कारण भाषेची अस्मिता, सरकारी प्रसारण आणि माणसांची उतरंड यांचं नातं तिथे उघड्यावर आलं. कायदा बदलल्यावर त्याची जाहीर सुनावणीसुद्धा झाली.

आफ्रिकानर कोण, आणि त्यांचा राग कशावर होता?

सतराव्या शतकात डच लोक केपटाऊनला येऊन राहिले. त्यांच्या वंशजांना आफ्रिकानर म्हणतात आणि त्यांची भाषा आफ्रिकान्स. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांशी त्यांचं मोठं युद्ध झालं. इंग्रजांनी त्यांच्या बायकामुलांना छावण्यांत कोंडलं, तिथे हजारो माणसं मेली. युद्धानंतर शाळांत इंग्रजी लादली गेली. घरची भाषा बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात पाटी अडकवायचे, ही आठवण आफ्रिकानर घराघरांत सांगितली जायची. त्यांच्या बोलीला इंग्रज 'स्वयंपाकघरातली भाषा' म्हणून हिणवायचे.

म्हणजे सुरुवातीला हे लोक दुखावलेले होते. आणि ते दुखणं खरं होतं.

१९२५ मध्ये आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला. १९४८ मध्ये आफ्रिकानरांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद, म्हणजे अपार्थाइड, सरकारी धोरण झालं. सरकारी प्रसारण संस्था एसएबीसी १९३६ पासून होतीच, आणि ती बीबीसीच्या धर्तीवर काढलेली होती. १९५९ मध्ये पीट मेयर तिचे अध्यक्ष झाले, ते १९८० पर्यंत. मधल्या काळात, १९६० ते १९७२, हेच गृहस्थ 'ब्रूडरबाँड' या आफ्रिकानर पुरुषांच्या गुप्त संघटनेचेही अध्यक्ष होते. देशाचा रेडिओ आणि ती गुप्त संघटना, दोन्हींच्या खुर्चीत एकच माणूस. आणखी काय सांगायचं?

काळ्या लोकांसाठी 'रेडिओ बांटू' नावाची वेगळी सेवा काढली. झुलूंना झुलू, सोथोंना सोथो. ऐकायला हे भाषाप्रेमाचं वाटतं, पण हेतू वेगळा होता. प्रत्येक जमात वेगळी, तिचा प्रदेश वेगळा, त्यामुळे सगळ्यांचा मिळून एक देश नाही, हे रोज कानात ओतायचं होतं. टीव्ही तर तिथे १९७६ मध्ये आला, आपल्या मुंबई दूरदर्शननंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. इतका पैसा असलेल्या देशात एवढा उशीर, कारण टीव्हीमुळे समाज बिघडेल ही सरकारातल्या काही मंत्र्यांची भीती. त्याच वर्षी १६ जूनला सोवेटोत शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर शिकण्याचं माध्यम म्हणून कोणती भाषा लादली जात होती? आफ्रिकान्स. ज्यांच्या पोरांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या, त्यांनीच दोन पिढ्यांनी दुसऱ्यांच्या पोरांवर आपली भाषा लादली. पोलिसांनी गोळ्या घातल्या.

कायदा गेला, मग काय उरलं?

१९९४ मध्ये मंडेला निवडून आले. नव्या घटनेत ११ राजभाषा ठरल्या. १९९६ मध्ये एसएबीसीच्या वाहिन्यांची नव्याने मांडणी झाली आणि आफ्रिकान्सचा टीव्हीवरचा वेळ खूपच कमी झाला. सप्टेंबर १९९७ मध्ये सत्य आणि समेट आयोगाने माध्यमांवर वेगळी सुनावणी घेतली. वर्णभेद टिकवायला रेडिओ-टीव्हीने काय हातभार लावला, याची जाहीर चर्चा झाली.

आफ्रिकानर प्रेक्षकांसाठी १९९९ मध्ये 'केकनेट' ही खासगी, पैसे भरून बघायची वाहिनी आली. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आफ्रिकान्स ही फक्त गोऱ्यांची भाषा नाही. २०११ च्या तिथल्या जनगणनेत सुमारे ६८ लाख लोकांनी घरची भाषा आफ्रिकान्स सांगितली, त्यात गोरे साधारण ४० टक्केच होते. जवळपास निम्मे लोक 'कलर्ड' गटातले, म्हणजे गुलाम म्हणून आणलेले आशियाई, स्थानिक खोईखोई आणि गोरे यांच्या मिश्र वंशातले. मुळात ही भाषा घडली तीच या लोकांच्या तोंडी. केळ्याला आफ्रिकान्समध्ये 'पीसांग' म्हणतात, हा मलाय भाषेतला शब्द. (जळगावकरांनी नोंद घ्यावी.) केपटाऊनच्या मुस्लिम कुटुंबांत तर एकोणिसाव्या शतकात आफ्रिकान्स अरबी लिपीत लिहिली जायची.

पण प्रमाण आफ्रिकान्स कोणती, तर गोऱ्यांची. केपटाऊनच्या कलर्ड वस्त्यांतली 'काप्स' बोली ही विनोदाची, गुंडांची, दारुड्यांची भाषा म्हणून पडद्यावर दिसायची. त्या समाजाला मध्यभागी ठेवणारी 'सुइडोस्टर' ही रोजची मालिका केकनेटवर आली २०१५ मध्ये, म्हणजे वर्णभेद संपल्यावर २१ वर्षांनी.

आणि मे २०१८ मध्ये तर थेट प्रक्षेपणातच ठिणगी पडली. रग्बीचा माजी खेळाडू अॅश्विन विलेमसे सामन्यानंतरच्या चर्चेत दोन गोऱ्या माजी खेळाडूंसोबत बसला होता. आयुष्यभर आपल्याला 'कोट्यातला खेळाडू' म्हणून हिणवलं गेलं, वर्णभेदाच्या काळात खेळलेल्या माणसांकडून आता उपकाराची वागणूक नको, असं म्हणून तो उठला आणि सेटवरून निघून गेला. वाहिनीने चौकशी नेमली. त्या दोघांचं वागणं वंशद्वेषातून आलेलं नव्हतं, असा निष्कर्ष निघाला. देशातली चर्चा त्याने थांबली नाही, कारण विलेमसेचा मुद्दा एका संध्याकाळच्या शब्दांचा नव्हताच.

'कोट्यातला' हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटला असेल.

आपल्याकडे असा काही कायदा होता का?

नव्हता. त्यामुळे सरळ बरोबरी करायची नाही. आकाशवाणी स्वतंत्र भारताची होती, २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता घटनेनेच बंद केली होती. जातीवरून माइक नाकारण्याचा नियम कधीच कागदावर नव्हता.

पण कोणाचा आवाज घरात येऊ द्यायचा, याची गाळणी मात्र पहिल्यापासून होती. १९४६ मध्ये सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी खातं बघत होते. तेव्हा आदेश निघाला की ज्यांचं खासगी आयुष्य लोकचर्चेचा, बदनामीचा विषय आहे, अशांना रेडिओवर गाऊ द्यायचं नाही. रोख होता गाणाऱ्या 'बाई' आणि 'जान' यांच्याकडे, म्हणजे पिढ्यानपिढ्या गाणं जपलेल्या कलावंतिणींकडे. नंतर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री होते. त्यांनी कलावंतांच्या आवाज चाचण्या कडक केल्या आणि हिंदी सिनेमाची गाणी जवळपास बंद केली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, म्हणून १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. हा किस्सा सगळे हसत सांगतात. त्यातला दुसरा भाग असा की 'अभिरुची' कोणाची आणि 'शुद्ध' काय, हे ठरवणारी माणसं एकाच छोट्या वर्गातली होती.

वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांची गाणी वस्त्यावस्त्यांत पाठ होती. ती पसरली मुख्यतः जलशांच्या मंचावरून आणि पुढे कॅसेटवरून. बाबासाहेबांच्या आयुष्यावरची रोजची मालिका 'स्टार प्रवाह'वर सुरू झाली १८ मे २०१९ रोजी. खासगी मराठी वाहिन्या येऊन तोपर्यंत वीस वर्षं होत आली होती.

'पानी' की 'पाणी'?

जात विचारायची नसेल तर मराठीत एक सोपी चाचणी आहे. 'आणि' म्हणतो की 'आनि', 'पाणी' की 'पानी'. अहिराणीत तर 'ण'सोबत 'ळ'सुद्धा जातो, 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. यावर शाळेत हशा पिकतो, मुलाखतीत भुवया उंचावतात, आवाज चाचणीत गुण कापले जातात.

पण गंमत बघा. हिंदी बातम्या देणारी निवेदिका रोज 'पानी' म्हणते. तिला कुणी गावंढळ म्हणत नाही, कारण हिंदीत तेच प्रमाण आहे. म्हणजे 'न' या आवाजात हिणकस असं काही नाही. तो कोणाच्या तोंडातून येतो, त्यावर त्याची किंमत ठरते. आणि आपण उच्चारांना 'शुद्ध-अशुद्ध' म्हणतो. हे दोन शब्द मराठीत आणखी कुठे वापरले जायचे, ते वेगळं सांगायला नको.

बातम्यांना एक समान भाषा हवी, हे मान्य. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना समजली पाहिजे. प्रश्न बातम्यांचा कमी आणि बाकीच्या वीस तासांचा जास्त आहे. मालिकेतलं घर मुंबई-पुण्याचं, आणि त्यातली कामवाली, वॉचमन, हवालदार तेवढे बोलीत बोलणारे. रंगभूमीवर १९८० च्या 'वस्त्रहरण'ने मालवणीला प्रचंड लोकप्रियता दिली, पण तीही हसवणारी भाषा म्हणूनच. २०१६ नंतर 'रात्रीस खेळ चाले'मधली मालवणी, 'तुझ्यात जीव रंगला'मधली कोल्हापुरी आली आणि बोलीला नायक मिळाले. चांगलंच झालं. फक्त कोल्हापूरचा नायक वाड्यातला, जमीनजुमला असलेला होता. बोलीसोबत दर्जा कोणाचा वाढला, हेही बघायला हवं. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' म्हणूनच वेगळा ठरला. त्यातल्या जब्याची भाषा हसण्यासाठी नव्हती.

बातम्यांच्या खोलीत कोण बसतं, याची मोजणी थोडी झालेली आहे. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांतल्या ३१५ वरिष्ठांची पाहणी झाली. निर्णय घेणाऱ्यांत एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीच्या अहवालात नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते, दलित-आदिवासी पुन्हा शून्य. ही मोजणी हिंदी-इंग्रजी माध्यमांची आहे. मराठी वाहिन्यांच्या खोलीचं चित्र याहून फार वेगळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

मग अहिराणीवर अन्याय झाला, एवढंच ना?

एवढंच असतं तर लेख इथे संपला असता.

अहिराणी मराठीची बोली की वेगळी भाषा, यावर भांडण जुनं आहे. ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशीला मराठीऐवजी भिल्ल भाषांच्या शेजारी बसवलं. जनगणनेत अहिराणी 'खान्देशी' या गटात मोजली जाते, मराठीत नाही. तरी आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. जळगाव आकाशवाणीने तिला अधूनमधून वेळ दिला, डॉ. रमेश सूर्यवंशी, डॉ. सुधीर देवरे यांच्यासारख्यांनी शब्द आणि लोकसाहित्य गोळा केलं. अस्मिता दुखावलेली आहे आणि दुखणं खरं आहे.

पण साक्री तालुक्याच्या पश्चिमेला जा. पिंपळनेरच्या पुढे डोंगर लागतो, तिथे कोकणा, मावची, भिल्ल लोकांच्या वस्त्या आहेत. साक्री विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे तो याच लोकसंख्येमुळे. खान्देशातल्या कितीतरी गावांत कडेच्या वस्तीला भिलाटी म्हणतात, आणि अहिराणी घरातलं पोर आडदांड बोललं तर 'भिलाटीतला का तू?' असं आई-बापच विचारतात. पुणेकर ज्या सुरात 'खान्देशी' म्हणतो, जवळपास त्याच सुरात.

आकडे बघा. २०११ मध्ये देशात भिली गटातल्या भाषा बोलणारे १ कोटी ४ लाखांच्या घरात होते. आठव्या अनुसूचीत असलेल्या संथाली, काश्मिरी आणि कोंकणी, या प्रत्येकीपेक्षा जास्त. या भाषेत तुम्ही टीव्हीवर शेवटची बातमी कधी ऐकली?

शहादा तालुक्यातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता प्रसिद्ध आहे. आदिवासींचं दुःख सांगायला दुसरेच मंचावर बसतात आणि आदिवासी मात्र मंचाखाली राहतो, असा तिचा आशय. कविता चळवळीच्या मंचाबद्दल आहे, पण स्टुडिओलाही तितकीच लागू पडते.

दुखावलेली अस्मिता आपोआप न्यायी होत नाही, हे आफ्रिकानरांच्या बाबतीत दिसलं. हिंदीपुढे मराठीने मान मागायची, मराठीपुढे अहिराणीने मागायची आणि अहिराणीने भिलीला हसायचं, ही साखळी आपलीच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा साक्रीतही फटाके फोडायला हरकत नव्हती. अहिराणीचा विषय मात्र होता तिथेच राहिला.

राईनपाडा

साक्रीचं नाव देशभरच्या वाहिन्यांवर दिवसभर झळकलं ते १ जुलै २०१८ ला. तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आधी व्हॉट्सअॅपवरून पसरलेले होते.

हे प्रसारणच होतं, फक्त स्टुडिओ नव्हता. पण अनोळखी, फाटका, वेगळ्या धाटणीने बोलणारा माणूस चोरच असणार, हा समज व्हॉट्सअॅपने तयार केला नाही. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र सगळ्याच भटक्यांवर राहिला, आणि आजही गुन्ह्याच्या बातमीत 'पारधी टोळी' असं जातीसकट नाव सहज येतं. कुणी बँक बुडवली तर बातमीत त्याची जात येते का? तिथे नाव, गाव, पद येतं.

मारणाऱ्या जमावातले बरेच जण स्वतः गरीब, आदिवासी भागातले होते. म्हणून 'वरचे विरुद्ध खालचे' असा सरळ हिशोब इथे लागत नाही. उतरंडीत प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी सापडतं.

आता माइक आपल्या हातात आहे, मग?

गेल्या दहा वर्षांत खान्देशाने मुंबईची वाट बघणं सोडून दिलं. मालेगावचा छोटूदादा हिंदी-उर्दू-खान्देशीची मिसळ करून यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितला गेला. 'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गाण्यावर कोकणातल्या लग्नातही पोरं नाचली, अर्थ कळो न कळो. ऑडिशन नाही, 'ण' तपासणारा कुणी नाही.

यातला बराचसा माल अजून हसवण्याचाच आहे, आणि हसवण्यात वाईट काही नाही. पण अहिराणीत पीकविम्याची माहिती देणारा, तालुक्याच्या बातम्या सांगणारा, गंभीर मुलाखत घेणारा चॅनेल शोधायला जास्त स्क्रोल करावं लागतं. भिली, पावरी, मावचीतली गाणी सातपुड्यातल्या लग्नांत डीजेवर जोरात वाजतात आणि यूट्यूबवर त्यांची वेगळी दुनिया आहे. अहिराणी चॅनेलवाल्यांनी त्या कलाकारांना बोलावलं तर ते पाहुणे म्हणून येतील की विनोदाचं पात्र म्हणून, हे आता साक्री-शिरपूरच्या पोरांनाच ठरवायचं आहे.

एक हिशोब मात्र लवकरच होणार आहे. २००१ मध्ये खान्देशी गटातली मातृभाषा सांगणारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये ते १८ लाख ६० हजारांवर आले. दहा वर्षांत खान्देशातली माणसं तर कमी झाली नाहीत. घरात 'शे' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी रकान्यात 'मराठी' सांगितलं असणार. २०२७ च्या जनगणनेत प्रगणक दारात येईल आणि जातीसोबत मातृभाषाही विचारेल. तो विचारेल मराठीत, आणि साक्रीतला माणूस बहुधा पुण्याच्या साहेबाशी बोलतो त्याच आवाजात उत्तर देईल.